कुंभारआळीची तिकटी

१

स्वरूपची गाडी कुंभारआळीच्या तिकटीवर आडवी झाली, तेव्हा धनाजी खुटवडांच्या हातात माइक होता. नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण भोरच्या फेरीत माइक दुसऱ्या कुणाच्या हातात असणार म्हणा! धनाजी एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. ‘महाडला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे’ हे त्यांनी इतकी वर्षं सांगितलं, की रिटायर झाल्यावरही बायाबापड्या त्यांना रस्त्यात गाठून किकवीची गाडी किती वाजता म्हणून विचारायच्या. फेरीचं तर त्यांना सुरुवातीपासून ठाऊक. गावातल्याच रस्त्यांवरून मोटरसायकली पळवायचं हे खूळ काढलं त्यांनी आणि याकूब मिस्त्रीनं. तरुणपणी याकूबची जावा आणि एका दूधवाल्याची राजदूत यांच्यात पैज लागली. राजवाड्यापुढून सुटायचं, बाजारपेठ, कुंभारआळी, नदीकडचा उतार, एसटी स्टँड आणि परत राजवाडा. याकूब जिंकला. धनाजी पत्र्याचा भोंगा घेऊन जीपच्या टपावर नाचले. पुढच्या वर्षी पाच गाड्या आल्या, मग पंधरा, मग वेल्ह्याकडची पोरं उतरायला लागली आणि फेरीला भोर विरुद्ध वेल्हे असा रंग चढला. एका वर्षी ऐन शेवटाला म्हैस आडवी आली, तर धनाजींनी माइकवरून म्हशीचाच पहिला नंबर जाहीर केला. लोक अजून ती आठवण काढून हसतात.

इतक्या वर्षांत खरचटणं, मुका मार, फार तर एखादा हात मोडणं, याच्यापुढं गेलं नव्हतं. वळणावळणावर भाताच्या पेंढ्याचे भारे रचलेले असायचे, पोरं त्यांत जाऊन पडायची आणि अंग झाडत उठायची.

यंदा धनाजींच्या शेजारचा स्वरूप भाऱ्यांच्या मधून सुटला आणि विजेच्या खांबावर गेला.

धनाजी तिकटीसमोरच्या, तिन्ही रस्ते दिसतात अशा गच्चीवर होते. शर्यतीची पहिलीच चक्कर. स्वरूप सगळ्यांच्या पुढं, आतल्या अंगानं वळला आणि पुढचं चाक एकदम निसटलं. सिमेंटच्या रस्त्यावर काहीतरी चकाकलं. तेवढ्यात हातात कॅन घेऊन वसीम धावत येताना दिसला. वसीम याकूबचा मुलगा. दुकान भोरात, पण यंदा गाडी बांधून दिलेली वेल्ह्याकडच्या मार्गासनीच्या ज्ञानूला. त्यावरून आधीच गावात कुजबुज होती.

“तेल! रस्त्यावर तेल टाकलंय!” माइक ओरडला. “ए वसीम, तुझ्या हातात काय हाय रं?”

बास. एवढंच. लोकांनी पुढचं ऐकलंच नाही. मारहाणीत वसीमचा हात मोडला, गॅरेजचं शटर वाकडं झालं, आत होतं नव्हतं ते रस्त्यावर आलं. स्वरूपला पुण्याला नेला आणि तिथं त्याचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मग चौकीवरून बोलावणं आलं. जमादार म्हणाले, “खुटवड, अख्ख्या गावात तेल दिसलेले तुम्ही एकटेच आहात. उद्या येऊन जबाबावर सही करा, मग त्या पोराला आत घेतो.” आणि सहज विचारावं तसं विचारलं, “तेल डोळ्यांनी बघितलंत ना?”

“उद्या येतो,” एवढंच म्हणून धनाजी उठले. 

२

“आमटीत काय न्हाई का आज? गुळमट पाणी नुसतं,” दुपारी घरी आल्यावर धनाजींनी ताट पुढं सारलं.

“जिरं हाय की,” ठकुबाई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. शेजारच्या स्वरूपला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. खुटवडांना मूलबाळ नाही, त्यामुळं तो पोरगा अर्धा याच घरातला. फेरी झाल्यापासून तिनं मनाला फार लावून घेतलं होतं. रोज एकदा तरी ‘उचलली जीभ लावली टाळ्याला’ म्हणून नवऱ्याला टोमणा मारणारी बाई आता विचारल्याशिवाय शब्द बोलत नव्हती. तिचं गप्प राहणं धनाजींना टोमण्यापेक्षा जास्त लागत होतं.

ते उठले आणि शेजारी स्वरूपच्या गोठ्यात गेले. मोडकी गाडी म्हशीशेजारी पडली होती. बघावं तेल, म्हणजे मन मोकळं करून सही करता येईल. मनातून तर त्यांना तेल सापडायला हवंच होतं. माणूस इतका स्वार्थी असतो बघा.

टायरवरून बोट फिरवलं. कोरडं. पुढच्या चाकाच्या खाचा नखानं खरवडल्या. धूळ निघाली, पांढरी पुटं निघाली आणि ठेचलेले काळे बारीक दाणे निघाले. गाडीचं हँडल गेलं, टाकी चेपली, पण तेलाचा थेंब कुठं नाही.

धनाजींनी पांढरं पुट जिभेवर ठेवलं. मीठ. एक दाणा दाताखाली धरला. झणका थेट नाकात गेला.

मोहरी!

बाजारपेठेतून टेम्पो जातात, एखादं पोतं फुटलं असेल, असं क्षणभर वाटलं. पण मीठही आणि मोहरीही? आणि नेमकी वळणावर? शर्यतीच्या आधी अख्खा रस्ता झाडून घेतलेला. म्हणजे झाडल्यानंतर कुणीतरी हातानं टाकलं. आणि आपण ऊन लागून चकाकणाऱ्या खडेमिठाला तेल म्हणालो. 

गोठ्याच्या दारात सखूबाई उभी होती, स्वरूपची आई. तिनं मोबाईल पुढं धरला. “भावजी, ह्यो व्हिडिओ बघा. गावात सगळ्यांकडं फिरतोय.”

स्वरूप वळतोय. त्याच्या मागं ज्ञानू. आणि स्वरूप पडायच्या आधीच, अगदी आधी, ज्ञानूची गाडी वळणाच्या बाहेरून, रस्त्याच्या पार कडेनं लांब वळसा घालते.

“आतून जवळ पडतं तर ह्यो लांबनं का गेला?” सखूबाई म्हणाली. “त्याला ठावं व्हतं, भावजी. रस्त्यावर काय हाय ते त्याला आदीच ठावं व्हतं!”

३

त्याच दुपारी नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरली आणि धनाजी मार्गासनीला पोचले. ज्ञानू शेतात ज्वारी राखत होता. धनाजींना बघताच त्याच्या हातातली गोफण खाली आली.

“काका, म्या काय केलं न्हाई.”

“मग लांबनं का गेलास?”

ज्ञानूनं एक ढेकूळ पायानं फोडलं. मग म्हणाला, “कुणाला सांगू नगा. सकाळी रस्ता बघायला आमी दोघं चालत फिरलो, म्या अन् वसीम. तिकटीवर उतारा पडला व्हता. लिंबू, लाल मिरच्या, मीठ, मोहऱ्या. आता उतारा कोण वलांडतंय का, काका? म्हणून म्या लांबनं गेलो.”

तीन रस्ते मिळतात तिथं उतारा टाकायचा ही आपल्याकडची रीतच. त्याला कुणी हात लावत नाही, पाय तर नाहीच नाही. टाकणाऱ्याची पीडा आपल्या घरी कोण नेणार?

“मग काढला का न्हाई?”

“वसीम म्हणाला, झाडून घिऊ, घसरंल कुणीतरी. त्यानं खराटा पन आणला. तितं कुंभारआळीचा बंडू उभा व्हता, वळणावर झेंडा दाखवाय. त्यो वराडला, हात लावशील तर बघ, आमच्या आळीवर वंगाळ यील म्हणून. उताऱ्याला भिऊन झेंडा बी त्यानं पार पल्याड जाऊन धरला.”

“अन् स्वरूपला सांगावं वाटलं न्हाई तुला?”

ज्ञानूचे डोळे भरले. “वाटलं की. पर शर्यत हाय, काका. म्हणलं, त्येच्या गावचा रस्ता, त्येला दिसंलच. सांगितलं असतं तर आज पाय असता त्येला.” त्यानं बाहीनं नाक पुसलं. “अन् मागनं काय बोलणार? वेल्ह्याच्यांनी करणी केली म्हणून आमच्या गावावर आलं असतं समदं.”

धनाजी बांधावर बसले. करणी? ते मनातल्या मनात एकेक जिन्नस मांडू लागले. करणीला बिब्बा लागतो, बाहुली लागते, काळं फडकं लागतं. मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या ही दृष्ट काढायची सामग्री. ती वैऱ्यासाठी कुणी काढत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्यावरूनच ओवाळतात. आणि शर्यतीच्या सकाळी भोरात दृष्ट काढायची ती स्वरूपचीच.

म्हणजे ज्यानं स्वरूपला पाडलं, त्याचा स्वरूपवर जीव होता.

“टाकताना कुणी बघितलं?”

“म्या न्हाई. वसीमनं बघितलंय. पर त्यो नाव घेत न्हाई. म्या लई खोदलं त्येला, पर तोंडाला कुलूप.”

४

संध्याकाळी परतले, तर गॅरेजसमोर टेम्पो उभा होता. याकूब पाने-पकडी पोत्यात भरत होता. धनाजींना बघून त्यानं नुसती मान फिरवली आणि काम चालू ठेवलं. उद्या बाजाराच्या दिवशीच भोर सोडायचं, सारोळ्याला हायवेवर दुकान टाकायचं, हे गावभर झालं होतं. ज्या माणसानं फेरी चालू केली तोच गाव सोडून निघाला होता, आणि कुणामुळं, ते बाजारपेठेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

वसीम आत स्टुलावर बसला होता. हात प्लास्टरमध्ये, ओठ सुजलेला.

“कॅनमधी काय व्हतं रं?” धनाजींनी हळूच विचारलं. हा प्रश्न त्यांनी त्या दिवशी साऱ्या गावापुढं विचारला होता. आज तोच विचारताना मान वर होईना.

“पानी, काका. पडलेल्याच्या तोंडावर मारायला.”

“उतारा कुणी टाकला?”

वसीमनं बापाकडं बघितलं, मग जमिनीकडं. “ऱ्हाऊ द्या.”

“अरं, उद्या मला सही करायची हाय! तुला आत टाकतील. नाव सांग.”

“नाव सांगितलं तर कोण इस्वास ठेवंल? म्हणतील, स्वताचं पाप दुसऱ्याच्या बाईमाणसावर ढकलतो. दुकान गेलं, मग घर बी जाईल.” तो उठला. “तुमी घरी जावा, काका. माझ्याकडं काय विचारता? घरी जावा.”

बाईमाणूस! धनाजींनी तेवढा शब्द उचलला. दृष्ट काढणारी बाईच, हे तर उघड होतं. आणि जीव असणारी बाई म्हटल्यावर पहिलं नाव आईचं. घरी जायच्या ऐवजी ते पुन्हा सखूबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. स्वरूपची दृष्ट काढली होती का, असं विचारायचं जिवावर आलं. आईला कुणी असं विचारतं का?

“व्हय, काढली की दृष्ट,” सखूबाई म्हणाली. “दर वर्साला काढती.”

“अन् टाकली कुठं?”

“चुलीत! दुसरीकडं कुठं?” परसात पाणी तापवायची चूल होती. सखूबाईनं तिकडं बोट दाखवलं. “मिरच्या जळाल्या, पर ठसका आला न्हाई. तवाच म्हणलं, नजर लई जबर हाय.” मग ती थांबली आणि धनाजींकडं रोखून बघत म्हणाली, “भावजी, घरात चूल असंल तर बाई तिकटीला कशाला जाईल? तिकटीला ती जाती, जिच्याकडं जाळायला जागा न्हाई.”

धनाजींची नजर शेजारच्या आपल्याच घराकडं गेली.

दिवाळीत त्यांनी स्वयंपाकघरात फरशी बसवून घेतली होती. ‘आता गॅस हाय, कशाला पायजे धूर?’ म्हणून जुनी चूल त्यांनीच, स्वतःच्या हातानं, पहारीनं फोडली होती. ठकुबाई नको नको म्हणत होती.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मार्गासनीपर्यंत जाऊन आले, आणि उत्तर रोज त्यांच्या ताटात वाढलं जात होतं. आमटीला फोडणी होती ती नुसत्या जिऱ्याची.

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी मिसळणाचा डबा उघडला. हळद होती, तिखट होतं, जिरं होतं. मोहरीची वाटी धुऊन पालथी घातलेली.

ठकुबाई दारात उभी होती. तिनं काही लपवलं नाही.

“मूठ न्हाई, वाटीच पालथी केली म्या,” ती म्हणाली. “तवापासनं आणवत न्हाई. तेलात तडतडली की त्येची गाडी दिसती मला.”

“का पर, ठकू? का?”

“तुमच्यापायी!” ती एकदम ओरडली. इतक्या दिवसांचं कोंडलेलं बाहेर आलं. “आदल्या दिशी माइकवरनं काय काय बोललात? असा पोरगा भोरात झाला न्हाई, ह्येच्या अंगाला वारं बी शिवत न्हाई! सारा बाजार त्येच्याकडं बघत व्हता. माझं काळीज हाललं. म्हणलं, गावाची न्हाई तर ह्या माणसाच्या तोंडाचीच नजर लागंल लेकराला. सकाळी पाया पडाय आला, तवा ववाळलं त्येच्यावरनं. घरात चूल न्हाई. न्हेऊन टाकलं तिकटीवर, अन् मागं न बघता आले. मागं बघायचं नसतं ना!”

“पडल्यावर तुला कळलं न्हाई?”

“कळलं.” ती फरशीवर बसली. “लगीच कळलं. पर तुमी म्हणला तेल. गाव म्हणालं तेल. म्या म्हणलं, असंल बाई तेल. ह्येंनी वरनं बघितलंय, ह्ये खोटं कशाला बोलतील? तुमच्यावर इस्वास ठेवला म्या. बरं वाटत व्हतं इस्वास ठेवायला.”

“अन् वसीमला मारलं तवा?”

तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि गदागदा रडली. “रस्त्यात गाठ पडली व्हती त्येची माझी, त्या सकाळी. हसला, काकू लई लवकर, म्हणाला. त्येला ठावं हाय. मार खाताना बी त्येनं माझं नाव घेतलं न्हाई, अन् म्या खिडकी लावून घेतली.”

धनाजी तिच्याशेजारी बसले. तिला बोल कोणत्या तोंडानं लावणार? चूल फोडली त्यांनी. पोराला डोक्यावर चढवला त्यांनी. मिठाला तेल म्हणाले ते आणि नाव घेऊन आरोळी ठोकली तीही त्यांनीच. बिचारीनं फक्त माया केली होती, तीही जरा जास्तच. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण ऐकली होती. इथं चोर कोण म्हणून शोधायला गेलं, तर आरशात बघायची वेळ आली.

“सही करणार न्हाई मी,” ते म्हणाले. “खरं काय ते सांगून येतो. तुझं नाव घेत न्हाई. आमच्या घरनं चूक झाली, एवढंच सांगतो.”

ठकुबाईनं डोळे पुसले. “का? त्या लेकराचं नाव घ्यायला लाज वाटली न्हाई, अन् माझं घ्यायला वाटती व्हय?”

६

सकाळी ठकुबाई आधी सखूबाईकडं गेली. एकटी गेली, धनाजींना येऊ दिलं नाही. सखूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. ठकुबाई तिथंच पायरीवर बसून राहिली. धनाजींनी ऊठ म्हटलं तर म्हणाली, “तुमी जावा. दार उघडंल तवा समोर कुणीतरी असाय पायजे.”

चौकीवर जमादारांनी कपाळाला हात लावला. मोहऱ्या म्हणे! पण टायरच्या खाचा बघायला शिपाई पाठवला आणि बंडूला बोलावून घेतलं. बंडूनं दोन प्रश्नांत सगळं कबूल केलं आणि लहान पोरासारखा रडला.

चौकीत बोलून काय होतं? वसीमचं नाव चारचौघांत गेलं होतं, ते चारचौघांतच धुवायला हवं होतं. धनाजी थेट एसटी स्टँडवर गेले. बाजाराचा दिवस, माणूस माणसाला लागलेला. नव्या कंट्रोलरनं जुन्या साहेबांना बघून खुर्ची सोडली. धनाजींनी माइक ओढला.

“मी धनाजी खुटवड बोलतोय,” ते म्हणाले. “फेरीच्या दिवशी रस्त्यावर तेल नव्हतं. मी खोटं बोललो. बघितलं नव्हतं, तरी बोललो. माझ्या घरच्या मोहऱ्या होत्या त्या. माझी बायको ठकुबाई हिनं स्वरूपची दृष्ट काढून टाकलेल्या. वसीम झाडायला गेला होता, त्याला आपल्याच माणसानं झाडू दिलं नाही. त्याच्या हातात पाणी होतं. ज्यांनी त्याच्यावर हात टाकला, त्यांनी तो माझ्या सांगण्यावरून टाकला. मारायचं असेल तर मी इथं उभा आहे.”

 कुणी मारायला आलं नाही. काहींनी खाली बघितलं, एक-दोघं गर्दीतून हळूच सटकले. किकवीची गाडी आली आणि लोक तिच्याकडं वळले.

धनाजी गॅरेजकडं निघाले. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत जातोच. आता याकूब सामान उतरवत असेल, मिठी मारेल, शिव्या देईल, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. टेम्पो भरलेलाच होता. वसीम आईबरोबर पुढं बसला होता, याकूब मागं दोरी आवळत होता.

“ऐकलंस ना?” धनाजींनी विचारलं.

“ऐकलं. बरं केलंस.”

“मग आता कशाला जातोस? झालं की समदं साफ.”

याकूबनं गाठ मारली, ओढून बघितली आणि मग सावकाश वळला.

“वसीमवर आळ आला म्हणून मी जात न्हाई, धनाजी. आळ काय, आज येतो, उद्या जातो. त्या दिवशी तू गच्चीवर व्हतास. माइक खाली ठेवून जिना उतरला असतास, अन् पोराला जवळ घेऊन विचारलं असतंस, ‘काय झालं रं?’ तर गाव थांबलं असतं. माझ्याच पोराला तू वरनं विचारलंस.” त्याचा आवाज चढला नव्हता. “ह्याच पोराच्या बारशाला तू जिलेबी वाटली व्हतीस. तुला त्येचा एवढा बी भरवसा वाटला न्हाई?”

धनाजींना माफी मागावी असं वाटलं, पण माफी हीसुद्धा बोलायचीच गोष्ट होती, आणि बोलण्याचा त्यांना वीट आला होता.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. याकूब मागं सामानात चढला. धनाजींनी फळीला हात घातला, गुडघा टेकला आणि या वयात, धापा टाकत, टेम्पोत चढले.

“कुठं निघालास?” याकूबनं विचारलं.

“सारोळ्याला. सामान उतरायला माणूस लागंल.”

याकूब ये म्हणाला नाही, उतर म्हणाला नाही. टेम्पो हलला तसा त्यानं पायाशी असलेली पान्यांची पेटी ओढून बाजूला घेतली, आणि धनाजी तिथं बसले.